एकास तीन

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येतं की, पनवेल शहरातल्या एका शाळेच्या आवारात गुरुत्वाकर्षण काही दिवसांपुरतं रद्द करण्यात आलं होतं. हा निर्णय मुख्याध्यापकांच्या खोलीत, चहा आणि क्रीमच्या बिस्किटांच्या साक्षीनं झाला. विज्ञानाच्या सरांना विश्वासात घेतलं गेलं नाही. गणिताच्या बाईंना, म्हणजे मला, तर कुणी विचारलंच नाही. मला भयंकर राग आला. राग आला की लोकांची वाचा बसते. मला नाटक सुचतं. त्याला आता इलाज नाही, पन्नाशी उलटली.

आमच्या शाळेचं जोतं उंच आहे. पावसाळ्यात गाढी नदीचं पाणी चढतं, म्हणून बांधणाऱ्यांनी इमारत पाच पायऱ्या वर घेतली. शहाणी माणसं. पाणी वर्गात येत नाही. आणि चाकाच्या खुर्चीवरून शाळेत येणारी आमची आठवीतली एक मुलगी, तीही येऊ शकत नाही.

ही मुलगी ओवे गावाच्या बाजूच्या एका खेड्यातून वडिलांच्या रिक्षातून यायची. पाय जन्मापासून अधू. डोकं गणितात असं चालायचं की मी फळ्यावर उदाहरण लिहून वळेपर्यंत हिचं उत्तर वहीत. आणि जीभ! जिभेला तर कसलाच अडथळा नव्हता.

तीन वर्षं वर्गातली दोन मुलं तिला खुर्चीसकट उचलून वर आणत होती. "उचला रे तिला," असं मी म्हणायची. फळ्याकडे तोंड करून. ज्या सुरात "फळा पुसा रे" म्हणते, त्याच सुरात. उचलताना ती कंपासपेटी पोटाशी धरून डोळे मिटायची. एकदा वर आल्यावर म्हणाली, "बाई, ग्यासचा शिलिंडर पन असाच चढवतात ना?" वर्ग हसला. मीही हसले. आज ते हसू आठवलं की माझी कानशिलं तापतात, म्हणून सगळ्यात आधी स्वतःचाच गुन्हा सांगून टाकला. आता दुसऱ्यांकडे वळायला मोकळी.

तपासणीच्या फॉर्ममध्ये एक रकाना असतो: रॅम्प, आहे की नाही. वर्षानुवर्षं आमचं उत्तर 'नाही'. यंदा मुख्याध्यापक सरांना ते टोचलं. शाळा समितीचे अध्यक्ष बांधकामवाले. मूळचं शेतकरी घराणं, मिठागरातही राबलेलं. जमिनीवर टॉवर उभे राहिले आणि ते बिल्डर झाले. त्यांच्या एका इमारतीच्या लॉबीतल्या उरलेल्या फरश्या शाळेला मिळाल्या आणि दोन दिवसांत रॅम्प तयार झाला. त्याची लांबी कशी ठरली माहीत आहे? आवारात अध्यक्षांच्या गाडीसाठी पत्र्याची शेड आहे. पायऱ्यांपासून शेडपर्यंत जेवढी जागा उरली, तेवढा रॅम्प. आणि फरशी इतकी चकचकीत की तिच्यात बघून केस विंचरावेत.

मुलीनं खालून एकदा वरपर्यंत पाहिलं. "बाई, ह्यो रॅम्प नाय. ही घसरगुंडी हाय."

सर म्हणाले, "हळूहळू सवय होईल."

सवय कुणाला होणार होती? तिनं पहिल्याच दिवशी चाकं ढकलून पाहिली आणि हातभर चढून परत खाली आली. मग सरांनी तोडगा काढला. ऐका, माझ्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत एवढा बिनतोड तोडगा मी ऐकलेला नाही. त्या दोन मुलांनी तिला उचलायचंच, पण पायऱ्यांवरून नाही. रॅम्पवरून! कारण अहवालाला फोटो हवा होता, 'रॅम्पचा वापर करताना विद्यार्थिनी'.

जुलैचे दिवस, फरशी ओली. तिसऱ्या दिवशी एका मुलाचा पाय सटकला. खुर्ची कलंडली आणि मुलीच्या हनुवटीला दोन टाके पडले. पडल्या पडल्या ती आधी त्या मुलाला म्हणाली, "तुला लागलं का रं?" मला आज लिहितानाही दात ओठ खावेसे वाटतात.

आता कुणालाही वाटेल की रॅम्प तोडला असेल. नाही हो. सरांनी मुलीच्या वडिलांना बोलावलं. मी तिथे होते, कारण वर्गशिक्षिका मीच. वडील दारापाशी उभे, हातात रिक्षाची किल्ली. सर इतके गोड बोलले की खोलीत मुंग्या यायला हव्या होत्या.

"तिच्या सुरक्षिततेसाठीच म्हणतोय. घरी बसून शिकेल. शिक्षक अधूनमधून येतील. परीक्षेला फक्त आणायचं."

"सर म्हनतील तसं," वडील म्हणाले. मग किल्लीशी चाळा करत, "पन तिला शाला आवडते वो."

"आमच्यावर जबाबदारी येते ना. असं करा, अर्ज तुमच्याच नावानं द्या. 'मी स्वखुशीने माझ्या मुलीस घरी ठेवीत आहे.' मजकूर आम्ही टाइप केलाय. शनिवारी समितीची बैठक आहे, तेव्हा सही करून टाका."

स्वखुशीने! तो शब्द मी वाचला आणि खुर्चीचा हात धरून बसले. मुलगी बाहेर, खिडकीखालीच उभ्या रिक्षात होती. तिला सगळं ऐकू येत होतं.

शनिवारीच शाळेचं गणित प्रदर्शन होतं. दरवर्षी तेच ते: थर्माकोलचे घन, रंगीत पुठ्ठ्याचे त्रिकोण, निम्मे पालकांनी रात्र जागून केलेले, उरलेले बाजारातून आणलेले. मी सोमवारी वर्गात गेले आणि जाहीर केलं, "थर्माकोल बंद. यंदा आठवीचा प्रकल्प एकच. गुणोत्तर व प्रमाण. वस्तू: आपला रॅम्प."

वर्गात जो आरडाओरडा झाला, त्यानं शेजारच्या वर्गातला इतिहास थांबला.

आमचं आवार सपाट नाही, पाणी निघून जावं म्हणून त्याला उतार दिलाय. त्यामुळे नुसती टेप लावून खरी उंची मिळत नाही. एका मुलाचे वडील गवंडी. त्यानं त्यांची पारदर्शक नळी आणली. नळीत पाणी भरायचं. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत राहतं, त्यावरून उंचीचा फरक मोजायचा. सोपं, पण मधे हवेचा बुडबुडा राहिला तर माप खोटं. मुलगी खालचं टोक धरून बसली आणि तिथूनच हुकूम सोडत राहिली. "ए, बुडबुडा हाय! काड तो! हलू नको, तू काय भूकंप हायस का?" ज्यांनी तीन वर्षं तिला उचललं, ती दोन्ही मुलं वर ओणवी होऊन निमूट ऐकत होती. मला फार गोड वाटलं ते.

उंची पंचाहत्तर सेंटिमीटर. जमिनीवरून आडवी लांबी दोनशे पंचवीस. म्हणजे एकास तीन. खुर्ची स्वतः ढकलत चढायची तर एक उंचीला निदान बारा लांबी लागते. बांधकामाच्या कुठल्याही माहितीत हे प्रमाण सापडतं. आमच्या जोत्याला नऊ मीटर हवेत. आमच्याकडे होते सव्वादोन.

पाच गटांनी वेगवेगळं मोजलं. चार गटांचं उत्तर तीनच्या आसपास. पाचव्या गटानं उंची लिहिताना दशांश चिन्ह एक घर अलीकडे टाकलं, पंचाहत्तरचे साडेसात झाले, आणि उत्तर आलं एकास तीस. पाच तक्ते मी व्हरांड्यात वाळत लावले. मधल्या सुट्टीनंतर बघते तर चार गायब. पाचवा मात्र सरांच्या दाराशेजारी काचेच्या फलकात, कुलूप लावून!

मी तडक आत गेले. "सर, तो तक्ता चुकलाय."

"बाई, पाचांपैकी एका गटानं तरी काळजीपूर्वक काम केलंय. एकास तीस म्हणजे नियमापेक्षाही चांगलं."

"त्या हिशोबानं आपलं जोतं साडेसात सेंटिमीटर उंच आहे. माझ्या चपलेची टाच तेवढी आहे."

"तुम्ही फार बारकाईत जाता. फॉर्ममध्ये उताराचा रकानाच नाही."

त्या गटातल्या मुलाला सरांनी शाबासकीचं प्रमाणपत्रही दिलं. तो बिचारा संध्याकाळी माझ्याकडे आला. "बाई, आमचं चुकलंय ना? मग हे परत करू का?"

"ठेव," मी म्हणाले. "चूक कबूल करायला आलास, त्याचं समज."

बाहेर येऊन मी गुळण्या केल्या, एवढं तोंड कडू झालं होतं. मग नळाशी उभ्या उभ्याच मला शनिवारचा प्रवेश सुचला.

शनिवारी समिती प्रदर्शन बघत बघत आली. पुढे अध्यक्ष: पांढरे कपडे, गळ्यात जाड साखळी, दांडगा देह. मागे सर, आणि सर्वांत मागे मुलीचे वडील, धुतलेला शर्ट घालून सहीसाठी आलेले. आठवीचं टेबल मी व्हरांड्यात नाही, खाली आवारात मांडलं होतं, रॅम्पच्या पायथ्याशी. मुलगी बाकावर बसली होती. तिची खुर्ची रिकामी, शेजारी. वर पाटी: 'प्रात्यक्षिक. कृपया स्वतः करून पाहा.'

सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "बाई, हे कार्यक्रमात नव्हतं."

"प्रात्यक्षिकाला दहा गुण असतात सर."

अध्यक्षांनी मुलीला विचारलं, "काय गं बाय, काय करायचं ह्याच्यात?"

"खुर्चीत बसायचं, चाकं हातांनी ढकलायची नि वर जायाचं. पाय लावायचा नाय." मग हळूच म्हणाली, "काका, जमंल?"

"जमंल का म्हंजे? लहानपनी मिठाच्या टोपल्या उचलल्यात आमी!"

आणि बसले की! खुर्ची कुरकुरली. मी मागे वर्गातली दोन सर्वांत दांडगी मुलं उभी केली होती. सूड घ्यायला मी तयार होते, पण माणूस मागच्या मागे उलटायला नको. पहिल्या ढकलीला खुर्ची हातभर चढली आणि उतरली. दुसऱ्या ढकलीला साखळी डावीकडून उजवीकडे गेली. तिसऱ्या वेळी ते निम्म्यापर्यंत पोचले, आणि पुढची चाकं फरशीवरून सुटली. अध्यक्षांनी आभाळाकडे पाहिलं, कारण दुसरीकडे बघायला सोयच नव्हती.

"साहेब, थांबा, आम्ही उचलतो!" सर धावले.

"हात लावू नका कोनी!" अध्यक्ष असे गरजले की सर जागच्या जागी थबकले.

मुलांनी मागून खुर्ची धरून हळूच खाली आणली. अध्यक्ष तिच्यातच बसून राहिले. कपाळ पुसलं. मग मुलीला विचारलं, "किती लांब पायजे?"

"नऊ मीटर."

"हितं नऊ मीटर कुठं हाय?"

"सरळ नाय मावत. म्हनून पाच मीटर, मंग वळन, मंग चार. वळनावर सपाट जागा, दम खायाला." तिनं नकाशा पुढे केला.

"नि हे पाच मीटर जातात कुठून?"

तिनं पेन्सिलीनं दाखवलं. सगळ्यांच्या माना वळल्या. पत्र्याची शेड, तिच्याखाली पांढरी मोठी गाडी.

"ती शेड माजी हाय."

"म्हायती हाय, काका."

मला वाटलं, संपलं. पण अध्यक्ष खो खो हसले. "गाडीला चार चाकं हायत. कुठं पन उभी ऱ्हाईल. शेड काडा."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, पण माझा राग तसूभर उतरला नाही. मोजमाप चार गटांनी दिलं होतं, टाके मुलीला पडले होते, त्यांतलं काहीच पुरलं नाही. पुरलं काय, तर एका वजनदार माणसाला आलेला घाम.

आणि सर! सर लगेच सावरले. "उत्तम! रॅम्प व्हायला महिना-दोन महिने लागतील. तेवढे दिवस तिनं घरीच बसावं. सुरक्षित." असं म्हणत त्यांनी तो टाइप केलेला अर्ज वडिलांच्या हातात दिला आणि खिशातलं पेनही काढून दिलं. वडिलांनी टोपण काढलं. मोठ्या माणसांपुढे त्यांचा हात आपोआप चालायला लागायचा, त्यांचा दोष नाही. मी पुढे झाले, पण माझ्या आधीच काम झालं. वडिलांनी टोपण परत लावलं, अर्जाची घडी घालून ती स्वतःच्याच खिशात टाकली आणि पेन सरांना देऊन टाकलं. कारण बाकावरून, अख्ख्या समितीसमोर, त्यांची मुलगी ओरडली होती:

"घरा बसाचं तं तुमी बसा, सर! मना गनिताचा तास हाय!"