मागे येतंय का?

आमच्या दादाला सगळं गाव हॅलोकाका म्हणतं. चाळीस वर्षं त्याने गावात माइक लावले. शाळेचं बक्षीसवाटप असो, निवडणुकीची सभा असो, कुणाचं लग्न असो, आधी दादा स्टेजवर चढणार, माइकवर टिचकी मारून 'हॅलो, हॅलो' करणार, आणि मग थेट शेवटच्या रांगेकडे बघून विचारणार, "मागे येतंय का? येत असेल तर हात वर करा. लाजेखातर करू नका." पुढे कितीही मोठा साहेब घड्याळ बघत बसलेला असला, तरी शेवटच्या रांगेचा हात वर झाल्याशिवाय दादा माइक सोडायचा नाही. ह्यावरून त्याने शिव्याही पुष्कळ खाल्ल्या आहेत.

ह्याला कारण आमची आई. ती शाळेत झाडलोट करायची. दादा दहा वर्षांचा असताना शाळेच्या कार्यक्रमात एकटा गायला उभा राहिला, आणि आई काम उरकून, हात पुसत, शेवटच्या बाकावर येऊन टेकली. मुख्याध्यापकांनी स्टेजवरून विचारलं, "मागे ऐकू येतंय ना?" आईने हात वर केला. घरी आल्यावर दादाने विचारलं, "कुठलं कडवं आवडलं?" आई म्हणाली, "सगळंच छान होतं रे." तेवढ्यावरून दादाला कळलं की तिला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. तो चिडला नाही, पण जेवलाही नाही.

तेव्हापासून त्याचा एक सिद्धान्तच झाला. खोटा हात कोपरातून वर होतो, खरा हात खांद्यातून. मी म्हणायचे, "तुझं आपलं काहीतरीच! खोटं बोलायला हाताला काय वेगळं हाड असतं?" मी त्याची धाकटी बहीण, मी नाही बोलणार तर कोण बोलणार? त्याने लग्न केलं नाही, माझा नवरा लवकर गेला, तेव्हापासून आम्ही दोघं एकाच घरात भांडत आलो आहोत. खाली माझं शिवणकाम, वर दोन खोल्या वाटसरूंना राहायला.

आता खरं ते सांगते. दोन वर्षांपूर्वी दादाला कमी ऐकू यायला लागलं. आमच्याकडे शिटीची किटली होती. एके सकाळी मी बाहेरून आले तर किटली शिट्या मारून मारून कोरडी पडलेली, बूड काळं ठिक्कर, आणि हा वीतभर अंतरावर पेपर वाचतोय. मला बघून म्हणाला, "चहा ठेवलाय, होईलच आता."  त्याच दिवशी मी बिनशिटीची किटली आणली आणि विषय मिटवला.

मिटवला म्हणजे काय, लपवला. मी मोठ्याने बोलायला लागले, आणि कुणी टोकलं तर सांगायचे की आमच्या घराण्यातच सगळ्यांचा आवाज चढा आहे. माइकवाल्यालाच ऐकू येत नाही म्हटल्यावर त्याला बोलावणार कोण? आणि बोलावणंच बंद झालं, तर हा माणूस सकाळी उठणार कशासाठी? डॉक्टरकडे चल म्हणायची माझी हिंमत झाली नाही. डॉक्टरकडे गेलं की कागद होतो, आणि कागद झाला की ते खरं होतं.

अशात ती गायिका आली. एके काळी मोठमोठी मैदानं भरवणारी बाई. आता पन्नाशीला आल्यावर तिने ठरवलं होतं की लहान गावांत जायचं, साठ माणसांपुढे बसायचं, एक गिटार घ्यायची आणि बिनमाइकचं गायचं. आमच्या वाचनालयाच्या बाईंनी तिला पत्र लिहिलं होतं, आणि चक्क होकार आला. वाचनकक्षात, रविवारी दुपारी चार वाजता. जागा अर्ध्या दिवसात संपल्या. सगळ्या बाहेरगावच्या लोकांनीच पटकावल्या.

"बिनमाइकचं?" दादा म्हणाला. "मग मी काय करू? दारात उभा राहून चपला सांभाळू?"

बाईंनी त्याला समजावलं. काका, माइक नको म्हणूनच तुमची जास्त गरज आहे, खोली शांत करून द्या. झालं, दादाच्या अंगात आलं. आठ दिवस त्याने वाचनकक्षाचा पिच्छा पुरवला. दाराच्या बिजागरीला तेल, गळक्या नळाला नवा वायसर, खिडकीच्या सैल काचेला पट्टी. साठ खुर्च्यांचे दोनशे चाळीस पाय, आणि प्रत्येक पायाला जुन्या ब्लँकेटचा तुकडा. ते शिवले कुणी? मी! बोटांची चाळण झाली, पण खुर्ची ओढली तरी मांजर चालल्याइतकाही आवाज येईना.

शनिवारी संध्याकाळी तो कक्षाच्या मधोमध उभा राहिला, डोळे मिटले आणि म्हणाला, "बघ, टाचणी पडली तरी ऐकू येईल." डोक्यावर भिंतीवरचं घड्याळ टक टक टक टक करत होतं. तो जाऊन हात धुवायला लागला, तशी मी स्टुलावर चढून गुपचूप घड्याळाचा सेल काढून घेतला.

माझ्या वरच्या खोल्यांत त्या दिवशी दोन पाहुणे उतरले होते. एक नर्स, रात्रपाळी करून, दोन बस बदलून आलेली. दुसरा ट्रक ड्रायव्हर, पोटाचा घेर चांगला, डोळे मात्र लहान पोराचे. तो म्हणाला, "ताई, पंधरा वर्षं मी तिला केबिनमध्ये ऐकतोय. पण कायम इंजिन चालू. इंजिनाशिवाय तिचा आवाज कसा लागतो, ते मला माहीतच नाही." एवढ्यासाठी हा माणूस चार दिवसांची रजा टाकून आला होता! मला आधी हसू आलं, मग नाही आलं.

रविवारी सकाळी नर्सने दादाला विचारलं, "काका, वाचनालय लांब आहे का?" दादा म्हणाला, "हो हो, चहा दूध टाकूनच केलाय." ती हसली नाही. मी कपबशा उचलायला गेले तेव्हा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मावशी, ह्यांचे कान दाखवलेत का कुठे?"

"कानांना काय धाड भरलीय त्याच्या?" मी म्हणाले. "चाळीस वर्षं माइक लावतोय तो. तुमच्या त्या हॉस्पिटलात सगळेच आजारी दिसतात तुम्हाला."  आणि कपबशा घेऊन मी तरातरा आत निघून गेले.

दुपारी गायिका कक्ष बघायला आली. साधी सुती साडी, पायांत चपटे सँडल. दादाने तिला नमस्कार केला आणि आपली पद्धत समजावली. "ताई, तुम्ही थोडं गा. मग विचारा, मागे येतंय का. मी शेवटच्या रांगेत बसतो. आलं तर हात वर करतो." तिला गंमत वाटली. तो जाऊन शेवटच्या खुर्चीवर बसला. ती दोन ओळी गायली, अगदी हलक्या आवाजात, पण प्रत्येक शब्द नितळ. मी दाराशी होते, मला सगळं आलं. मग तिने विचारलं, "मागे येतंय का?"

दादा तिच्या तोंडाकडे बघत होता. ओठ थांबलेले त्याने पाहिले आणि हात वर केला. कोपरातून.

मी पाहिलं. मला त्याच क्षणी त्याचा हात धरून त्याला घरी न्यायला हवं होतं. मी नेलं नाही. मी म्हणाले, "चला, चहा घेऊ."

आणि तिथेच सगळी गडबड झाली. कारण दादाला आपलं खोटं एक वेळ सहन झालं असतं, पण शेवटची रांग उपाशी राहणार हे सहन होणारं नव्हतं. त्याला ऐकू आलं नव्हतं, म्हणजे मागे जातच नाही, असा त्याचा हिशेब. आपले कान चुकत असतील हे त्याच्या डोक्यात येईना, किंवा त्याला ते येऊ द्यायचं नव्हतं. आम्ही चहाला गेलो तेव्हा त्याने गायिकेशेजारच्या फुलदाणीत करंगळीएवढा माइक खोचला, वायर सतरंजीखालून नेली आणि मागच्या कपाटात, जाड कोशांच्या आड, एक छोटा स्पीकर बसवला. आवाज कुठवर ठेवायचा? त्याला स्वतःला येईल तिथवर.

चार वाजले. साठ माणसं श्वास रोखून बसलेली, खिडकीतून ऊन आलेलं, ट्रक ड्रायव्हर शेवटच्या रांगेत हात मांड्यांत दाबून बसलेला. दादा मागच्या दाराशी उभा. गायिकेने पहिली ओळ घेतली आणि मागच्या रांगेतल्या चार जणांनी चमकून मान मागे वळवली, कारण आवाज पुढून आणि मागून दोन्हीकडून येत होता. दुसऱ्या ओळीला तिने स्वर लांबवला, आणि कपाटातून कुईंऽऽ करून अशी शिट्टी फुटली की एका बाईने दोन्ही कान झाकले. ड्रायव्हर दचकून उभाच राहिला. गायिका थांबली, पण शिट्टी थांबेना. आमच्या जुन्या किटलीचा तोच सूर, फक्त शंभरपट.

आणि आमचा दादा दाराशी उभा राहून मंद हसत होता. त्याला गाणं आलं होतं ना, इतक्या दिवसांनी! शिट्टी मात्र, किटलीसारखीच, त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती; टिपेचे सूरच त्याच्या कानांत शिरत नव्हते. सगळा कक्ष मान वळवून बघतोय म्हटल्यावर त्याने आनंदाने विचारलं, "काय? येतंय ना मागे?"

मी धावत जाऊन कपाटामागचं बटण बंद केलं. एकदम शांत झालं. दादाने माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातली वायर पाहिली, कान चोळणारी ती बाई पाहिली. कुणाला काही सांगावं लागलं नाही. त्याचं तोंड असं उतरलं की मला वाटलं, धरणी दुभंगून मलाच पोटात घेईल तर बरं. दोन वर्षं मी काय सांभाळलं होतं? हे?

तो दाराच्या कडीला हात घालत होता. मी म्हणाले, आणि अख्ख्या कक्षासमोर म्हणाले, "थांब दादा. ह्याला ऐकू येत नाही हो. दोन वर्षं झाली. मला माहीत होतं."

गायिका उठली. दादाजवळ गेली आणि त्याच्यासमोर उभी राहून, ओठ दिसतील असं सावकाश विचारलं, "दुपारी आलं होतं का?"

दादाने मान हलवली. नाही.

"मग हात का वर केलात?"

"लाजेखातर," दादा म्हणाला.

 तिने त्याला हाताला धरून पहिल्या रांगेत, स्वतःच्या समोर आणून बसवलं. नर्स आपली जागा देऊन मागे जाऊन उभी राहिली होती. गायिकेने दोन ओळी म्हटल्या. "येतंय का?" दादाचे हात मांडीवरच. तिने स्टूल पुढे ओढलं, पुन्हा म्हटलं. हात मांडीवरच. मी मनात म्हणत होते, कर की रे बाबा वर, सगळे बघताहेत! पण आता तो ऐकणारा नव्हता. तिने स्टूल आणखी पुढे घेतलं, गुडघ्याला गुडघा लागेल इतकं, आणि आवाज खाली ठेवूनच पुन्हा सुरुवात केली. एवढ्यात दादाने बोट वर केलं. तिला थांबवलं.

"ताई, एवढं जवळ येऊन गायलात तर मागे कसं जाणार?" आणि मान वळवून शेवटच्या रांगेकडे बघत म्हणाला, "ते लांबून आलेत हो."

ट्रक ड्रायव्हर आधी उठला. आपली खुर्ची उचलून तो पुढे आला आणि दादाच्या पाठीशी ती टेकवली. मग नर्स, मग ती कान झाकणारी बाई, मग सगळेच. साठ खुर्च्या सरकल्या, आणि माझ्या ब्लँकेटच्या तुकड्यांची शपथ, कणभर आवाज झाला नाही. पाच मिनिटांत त्या दोघांभोवती माणसांचा असा गराडा पडला की मागची रांग म्हणून काही उरलंच नाही. मागे फक्त सतरंजी आणि मी.

ती गायला लागली. पहिली ओळ झाली. दुसरी झाली. ड्रायव्हरने डोळे मिटले होते आणि त्याच्या मिशीपर्यंत पाणी आलं होतं. तिसऱ्या ओळीला तिने डोळ्यांनीच दादाला विचारलं.

दादाने हात वर केला. खांद्यातून, पार सरळ, बोटं ताठ. मी इतकी वर्षं त्याच्या त्या सिद्धान्ताला थोतांड म्हणत आले होते. पण मागून मला स्पष्ट दिसलं, तो हात खरा होता.