कच्च्या खिम्याचं मीठ

आमच्या शेजारचे डॉक्टर माणसाचं तोंड कधी बघायचेच नाहीत, ताट बघायचे. अख्ख्या पडेगावात एवढा चौकस माणूस दुसरा निघायचा नाही. मेडिकल कॉलेजात परजीवी जंतू शिकवून निवृत्त झाले, पण चौकशा सुटल्या नाहीत. लग्नाच्या पंगतीत शेजारच्याला विचारणार, "घरात मांजर हाय का? तिची घाण कोण काढतं?" एकदा नवरीचा मामा भरलं पान सोडून उठला. माझी बायको कोथिंबीर किती पाण्यांनी धुते, हेही ते कुंपणावरून मोजायचे. ती म्हणायची, "सासूबाईंनी नेमून दिलेत का हो हे?"

माझ्या थोरल्या बहिणीची, ताईची, किडनी बदललेली. नवी किडनी टिकावी म्हणून प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या गोळ्या रोज चालू. गेल्या वर्षी तिचं डोकं ठणकायला लागलं, उजवा हात लुळा पडत चालला. एमआरआयमध्ये मेंदूत गाठी दिसल्या. कॅन्सरचीही शंका होती. कवटीला भोक पाडून तुकडा तपासायचं ठरलं.

डॉक्टर दवाखान्यात भेटायला आले. बसले, आणि ताईला म्हणाले, "कोफ्त्यात मीठ बरोबर पडलं, हे तुला कसं कळतं गं?"

असा संताप आला मला! बाई मरणाच्या दारात, आणि यांना कोफ्ते सुचतायत!

ताई म्हणाली, "चाखून की. खिमा मळतानाच चिमूटभर जिभेवर ठेवायचा. आमच्यात समद्या बाया तसंच करतात."

"कच्चाच?"

"व्हय."

डॉक्टर ताडकन उठले. कच्च्या मटणातून, मांजराच्या घाणीतून, नीट न धुतलेल्या भाजीतून पोटात जाणारा एक जंतू असतो म्हणे. धडधाकट माणसात तो गुमान पडून राहतो, प्रतिकारशक्ती खचली की मेंदूत गाठी करतो. त्यांनी सर्जनला गाठलं. "आधी रक्तात त्याची खूण बघा. सापडली तर गोळ्या देऊन बघा, मग कवटीचं." सर्जनचं तोंड वाकडं झालं, पण त्यांनी ऐकलं. खूण सापडली. गोळ्या सुरू झाल्या आणि पंधरा दिवसांनी काढलेल्या एमआरआयमध्ये गाठी आटलेल्या दिसल्या. कवटीला कुणाचा हात लागला नाही.

ताई घरी आली त्या आठवड्यात डॉक्टर आले. तिने हट्टाने चहा केला आणि उजव्या हाताने कप आणला. अर्धा बशीत सांडला. डॉक्टरांनी बशी तोंडाला लावली, मग कप रिकामा केला आणि म्हणाले, "लई झकास. आणखी अर्धा आण." चहा त्यांना मुळीच आवडत नव्हता. तिचा हात पुन्हा एकदा चालताना बघायचा होता त्यांना.

मला तेव्हाच त्यांच्या पाया पडावंसं वाटलं होतं. लाजलो. आता ते पुण्याला लेकीकडे राहायला गेलेत, आणि ते राहूनच गेलं.