चौथ्या मजल्यावरचे आजोबा आणि चौथ्या नंबरची टीम

प्रिय ईशान आणि रेवा,

गेल्या रविवारी डब्लिनहून तुमचा फोन आला तेव्हा मी "पाच मिनिटं थांबा, हा डाव संपू दे" म्हटलं आणि पाचाची पंचवीस मिनिटं झाली. रेवा रुसली. ईशानने विचारलं, आजी, तुला बेसबॉल कळतं तरी का? जन्मात कधी चेंडू न झेललेली आजी टीव्हीसमोर टोक केलेली पेन्सिल घेऊन बसते आणि वहीत चौकोन भरते, हे तुम्हाला विचित्र वाटलं असणार. मी उत्तर टाळलं, कारण ते फोनवर मावणारं नव्हतं. शिवाय अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी एखादी गोष्ट "नंतर सांगते" म्हणणं बेशिस्तपणाचं आहे. म्हणून आज लिहायला बसले. आई वाचून दाखवेल, पण कठीण शब्द तुम्हीच अडखळत वाचायचे.

तर मुलांनो, इथे योकोहामात, आमच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर एकतीस वर्षं एक गृहस्थ राहत होते. बेसबॉलची टीम कशी चालवावी हे अख्ख्या जपानात त्यांच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं, आणि ही गोष्ट त्या टीमच्या व्यवस्थापनाखेरीज सगळ्यांना माहीत होती. तुम्ही लहान असताना सुट्टीत आलात की त्यांना "चौथ्या मजल्यावरचे आजोबा" म्हणायचात. ईशानला बॅट धरायला शिकवताना आमची निळी फुलदाणी फोडली, तेच हे. मूळचे सांगलीचे, धातुशास्त्रातले संशोधक. पोलादाला तडा का जातो हे शोधायला दोन वर्षांसाठी इथल्या एका संस्थेत आले आणि निवृत्त होऊनही इथेच राहिले. पहिल्याच उन्हाळ्यात संस्थेतल्या कुणीतरी त्यांना एका सामन्याचं फुकट तिकीट दिलं. ते तिकीट फुकट का होतं, हे त्यांना पुढच्या तीस वर्षांत कळलं.

टीमचं नाव मी लिहीत नाही. तिने आधीच पुष्कळ ऐकून घेतलं आहे. सहा संघांच्या गटात ती बहुतेक वर्षी चौथी येई. इथे पहिल्या तिघांना पुढचे महत्त्वाचे सामने खेळायला मिळतात. सहाव्याला सहानुभूती मिळते, त्याचा मॅनेजर बदलतो, वर्तमानपत्रात लेख येतात. चौथ्याला यातलं काही मिळत नाही. तुमच्या आजोबांनी एकदा त्यांना विचारलं, की अहो, मग दुसरी टीम का धरत नाही? तर ते म्हणाले, "वाईट असती तर केव्हाच सोडली असती हो. ती बरी आहे, हाच तर ताप आहे."

तुमच्या आजोबांनी एका सामन्यानंतर त्यांच्याबरोबर मैदानावर जाणं बंद केलं. मग ती जबाबदारी माझ्यावर आली, कारण माझं अक्षर. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. समास सोडायचा, वेळेवर यायचं, खाडाखोड करायची नाही, ही वळणं नन्सनी हातावर पट्टी मारून लावलेली. भावजींना (मी त्यांना भावजी म्हणत असे) आपल्या तक्रारींना पुरावा हवा होता, आणि पुरावा स्वच्छ अक्षरात हवा होता. "वहिनी, तुम्ही फक्त लिहा. रागवायचं काम माझ्याकडे," असं म्हणून त्यांनी माझ्या हातात स्कोअरची वही दिली. दोन गाड्या बदलून आम्ही मैदानावर जायचो. ते पुढे, बगलेत विटकी हिरवी उशी; मी मागे, पिशवीत वही आणि त्यांच्या बायकोने, सुमनने, दिलेला दशम्यांचा डबा. सुमन स्वतः कधी यायची नाही. तू त्यांना घेऊन गेलीस की मला घरात तीन तास शांतता मिळते, असं म्हणायची.

भावजींचा राग फार शिस्तीचा होता. इथे प्रेक्षक आपली टीम फलंदाजी करत असेल तेव्हाच गातात आणि समोरची करत असेल तेव्हा गप्प बसतात. भावजी तो नियम पाळत, फक्त गप्प बसायच्या वेळात मला व्यवस्थापनाच्या चुका सांगत. खेळाडूंची प्रतवारी ते कचऱ्याच्या प्रकारांनी करत. आमच्याकडे कचरा कसा वेगवेगळा ठेवावा लागतो ते तुम्ही पाहिलं आहे. काही खेळाडू जळणारा कचरा, काही पुन्हा वापरता येणाऱ्या बाटल्या. एकदा टीमने परदेशातून एक धिप्पाड फलंदाज आणला. तो उन्हाळाभर नुसता वारा घालत राहिला. भावजी म्हणाले, "हा मोठा कचरा. याला नुसतं बाहेर ठेवून चालत नाही, आधी फोन करून तारीख घ्यावी लागते."

प्रत्येक चुकीच्या निर्णयानंतर ते व्यवस्थापनाला पत्र लिहीत. त्यांना जपानी फक्त प्रयोगशाळेचं येत असे, त्यामुळे पत्राचा घाट शोधनिबंधाचा व्हायचा. उद्देश, पद्धत, निष्कर्ष, चर्चा. सोबत आलेख. थकलेल्या गोलंदाजाला सातव्या डावात ठेवल्यास काय होतं, हे त्यांनी पोलादाच्या वाकण्याच्या आलेखावर दाखवलं होतं. पाकिटावर पत्ता मी घालायची. उत्तर म्हणून दर नव्या वर्षी टीमचं एक छापील शुभेच्छापत्र यायचं. ते सगळ्याच चाहत्यांना जातं हे मी एकदा बोलून गेले. भावजी जरा वेळ त्या पत्रावरच्या हसऱ्या अस्वलाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "छापण्याआधी कुणीतरी विचार केलाच असेल ना."

वर्षातला त्यांचा सगळ्यात आवडता दिवस म्हणजे घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना. त्या दिवशी खेळ संपल्यावर सगळी टीम रांगेत उभी राहते, मॅनेजर माइकवर वर्षभराच्या कामगिरीबद्दल चाहत्यांची माफी मागतो आणि सगळे कमरेत वाकतात. भावजी या माफीसाठी इस्त्रीचा शर्ट घालून येत. ते वाकण्याचा कोन डोळ्यांनी मोजत आणि मला वहीत लिहायला लावत. "पंचेचाळीस. गेल्या वर्षी साठ होता. तेव्हा पश्चात्ताप होता, आता नुसती सवय आहे."

पण या सगळ्याहून मोठा असा त्यांचा एक वैरी होता, तो म्हणजे बंट. तुम्हाला समजावून सांगते. एक खेळाडू पहिल्या टप्प्यावर, म्हणजे बेसवर, उभा आहे. आता फलंदाजाने चेंडू जोरात मारायचा, तर तो नुसती बॅट आडवी धरून चेंडू हलकेच पुढे टाकतो. तो स्वतः बाद होतो, पण त्या गडबडीत पहिल्या टप्प्यावरचा साथीदार दुसऱ्यावर पोचतो. म्हणजे जाणूनबुजून बाद व्हायचं, दुसरा पुढे जावा म्हणून. इथे हे फार मानाचं समजतात आणि आमचा मॅनेजर तर पहिल्याच डावात करायला लावी. बंटची खूण दिसली की भावजी टोपी काढत, उभे राहत आणि मैदानाकडे पाठ करत. एकदा मागच्या रांगेतल्या एका बाईंनी अदबीने विचारलं, आपलं काही हरवलं आहे का? भावजींनी तितक्याच अदबीने सांगितलं, "होय. पहिला डाव." बिचाऱ्या बाई खुर्चीखाली बघू लागल्या.

आता सुमनबद्दल सांगायला हवं. सांगलीच्या कॉलेजात ती वनस्पतिशास्त्र शिकवायची. कायमची नोकरी होती. दोन वर्षांचीच गोष्ट आहे म्हणून तिने राजीनामा दिला आणि इथे आली. इथे तिने बाल्कनीत कढीपत्ता वाढवला, शेजारणींना झाडांची लॅटिन नावं शिकवली, आणि एवढंच. तिने कुरकुर केलेली मी ऐकली नाही. पण गुडघे गेले, आणि तिकडे धाकटी बहीण एकटी पडली, तेव्हा एका संध्याकाळी आमच्याकडे चहा पिताना तिने भावजींना शांतपणे सांगितलं, "मला आता सांगलीला जायचंय. पाहुणी म्हणून नव्हे." भावजी म्हणाले, हा हंगाम संपू दे. हंगाम संपला. मग ते म्हणाले, नवा मॅनेजर आलाय, त्याचं काय होतं बघू. तो हंगामही संपला. टीम चौथी आली. दुसऱ्याचा प्रत्येक निर्णय पाच मिनिटांत सुधारून देणाऱ्या या माणसाला स्वतःच्या घरातला एक निर्णय तीन वर्षं घेता येईना. सुमनने परत विषय काढला नाही. तिने फक्त बाल्कनीतल्या कुंड्या एकेक करून शेजारणींना द्यायला सुरुवात केली. पाचवी कुंडी माझ्याकडे आली तेव्हा मला बरं वाटलं नाही.

त्या वर्षी शेवटच्या सामन्याला माझा खोकला वाढला होता, तरी मी गेले, आणि सुमनलाही ओढून नेलं. एकतीस वर्षांत प्रथमच ती मैदानावर आली. दोघांच्या मधे बसली, डबा मांडीवर. तिसऱ्या डावात बंटची खूण झाली. भावजी टोपी काढून पाठ करून उभे राहिले. फलंदाज बाद झाला आणि धावत आपल्या बाकाकडे परतला, तर तिथले सगळे खेळाडू उठून उभे राहिले आणि एकेकाने त्याच्या तळव्यावर टाळी दिली. सुमनने विचारलं, "बाद झाला ना तो? मग सगळे त्याला टाळ्या का देतायत?"

भावजींनी तीस वर्षं त्या क्षणी पाठ केलेली असल्याने त्यांनी ते दृश्य कधी पाहिलंच नव्हतं. उत्तर मी दिलं. मी म्हटलं, तो दुसऱ्यासाठी बाद झाला म्हणून. वहीतसुद्धा त्याची ही खेळी अपयशात धरत नाहीत, वेगळी खूण करतात. सुमनने वहीतली ती बारीक खूण चष्मा वर करून पाहिली आणि म्हणाली, "अरे वा. इथे निदान लिहून तरी ठेवतात."

ती सहज बोलली. टोमणा मारायचा तिचा स्वभाव नव्हता. पण भावजी खाली बसले, आणि उरलेल्या सहा डावांत त्यांनी मला व्यवस्थापनाची एकही चूक सांगितली नाही. सामना संपला, टीम रांगेत आली, मॅनेजरने माफी मागितली, सगळे वाकले. मी पेन्सिल धरून कोनाची वाट बघत होते. त्यांनी सांगितलाच नाही. ते मैदानाकडे बघतच नव्हते. ते सुमनच्या गुडघ्यांवरच्या डब्याकडे बघत होते.

दोन दिवसांनी ते नेहमीसारखं पत्र घेऊन आले. या वेळी ते मराठीत होतं. उद्देश: सांगलीस कायमचे स्थलांतर. पद्धत: घर सोडण्याची सूचना, सामान, विमान. निष्कर्ष: मार्चअखेर. चर्चा या मथळ्याखाली एकच ओळ होती. "एकतीस वर्षे आधी करायला हवी होती." मी वाचलं, शुद्धलेखन ठीक आहे म्हणाले, आणि तुम्हाला हे जमेल का, असं विचारलं. इतक्या वर्षांत न विचारलेला तो एकच प्रश्न. ते म्हणाले, "वहिनी, हा बंट आहे. जमतो. फक्त आधी कुणी सांगितलं नव्हतं की माझी पाळी आहे."

मार्चच्या शेवटी, हंगाम सुरू होण्याच्या आठवड्यातच, आम्ही त्यांना विमानतळाच्या बसपर्यंत सोडायला गेलो. सुमन आधीच बसमध्ये खिडकीशी बसली होती आणि मी तिला इतकी तरतरीत फार वर्षांनी पाहत होते. भावजींनी मला ती हिरवी उशी दिली आणि बजावलं, की मला आता स्कोअर कळवायचा नाही. बाद झालेल्या माणसाने बाकावर गप्प बसावं, टप्प्यावर लुडबुडू नये. ते पायरीकडे वळले तेव्हा तुमचे आजोबा, जे लग्नातसुद्धा कुणाला मिठी मारत नाहीत, हात वर करून उभे राहिले. भावजींना क्षणभर कळलं नाही. मग त्यांनी त्या हातावर टाळी दिली. माझ्याही दिली. मागे रांगेत उभ्या असलेल्या एका अनोळखी जपानी गृहस्थांनाही काय वाटलं कोण जाणे, त्यांनीही तळवा पुढे केला, आणि भावजींनी त्यांनाही दिली.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. भावजी सांगलीत आहेत, मजेत आहेत, आणि नगरपालिकेला पत्रं लिहितात असं कळतं. शब्द पाळून त्यांनी मला एकदाही स्कोअर विचारलेला नाही. पण सामना असला की सुमनचा फोन येतो. स्वयंपाकघरातून, हळू आवाजात. "काय झालं गं आज? बंट केला का?" मी केला म्हटलं की ती दुपारच्या चहाबरोबर त्यांना काहीतरी गोड देते, कारण न सांगता. तेही कारण विचारत नाहीत, मुकाट्याने खातात. एकदा तिने सांगितलं, की शिरा बघितल्यावर ते फक्त एवढंच म्हणाले, "पहिल्याच डावात का?"

मैदानावर जाणं मला आता झेपत नाही. टीव्हीवर बघते, हिरव्या उशीवर बसून. टीम गेल्या वर्षीही चौथी आली. स्कोअरची वही चालू आहे. ही अकरावी.

तुमची,
आजी