सावंतांचे टिप-अप

बहारीनमधल्या आमच्या अदलियातल्या शुक्रवारच्या कट्ट्यावर किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. गाडीच्या काचेवर धूळ साचते तसे ते साचतात. आज पुसा, उद्या पुन्हा तेवढेच! आणि त्यातले निम्मे तरी सावंतांचे असतात.

सावंत वेंगुर्ल्याचे. सखीरच्या बाजूला एसी मेंटेनन्सचे फोरमन. कट्ट्यावर आम्ही आणखी तिघं. पुण्याचा कुलकर्णी बँकेत आहे आणि रिव्ह्यू वाचल्याशिवाय त्याला टूथब्रशही घेता येत नाही. चिपळूणचा दिनेश कोल्ड स्टोरेजची गाडी चालवतो. आणि मी अकाउंटंट, म्हणजे सगळ्यांचं ऐकून घ्यायला हक्काचा माणूस.

सावंतांच्या मुलीचं, मुग्धाचं, कॅनडात लग्न जमलं. साखरपुड्याला हिवाळ्यात तिकडे जायचं ठरलं आणि व्याह्यांचा, मूळ नागपूरच्या जोशींचा, कॅनडातून फोन आला. "सावंतसाहेब, तुम्ही समुद्राकाठची माणसं! इथे तळं गोठलं की आपण बर्फाला भोक पाडून मासे पकडू. मानपान वगैरे काही नको. आणायचेच असतील तर तुमच्या पसंतीचे दोन टिप-अप आणा."

"आणतो की! मासेमारी आमच्या रक्तातच आहे," सावंत म्हणाले. फोन ठेवला आणि आमच्याकडे वळले, "टिप-अप म्हंजे काय रे?"

*

टिप-अप म्हणजे बर्फातल्या भोकावर ठेवायचं एक साधन. खाली पाण्यात दोरा आणि गळ, वर स्प्रिंगवर दुमडलेला छोटा झेंडा. मासा ओढायला लागला की झेंडा फटकन उभा राहतो. माणसाने लांब बसून कॉफी प्यायची. हे सगळं कुलकर्णीने मोबाइलवर शोधून वाचून दाखवलं.

अडचण वेगळीच होती. सावंत वेंगुर्ल्याचे खरे, पण होडीत पाय ठेवला की त्यांना उलटी होते! मासळीशी त्यांचा संबंध बाजारात कल्ले उघडून बघण्यापासून सुरू होतो आणि ताटात संपतो. आणि इकडे रक्ताची ग्वाही देऊन बसलेले.

"पोरीच्या सासऱ्याम्होरां माजा हसां होवक नको," ते म्हणाले. एरवी आम्ही त्यांची खेचली असती, पण त्यांचा चेहरा बघून गप्प बसलो. एकुलती एक मुलगी. तिच्या घरात बापाची पहिली ओळख या झेंड्यांवरून होणार होती.

*

निवड सुरू झाली ती भर ऑगस्टमध्ये. बाहेर गाडीच्या स्टिअरिंगला हात लावायची सोय नव्हती आणि आत कुलकर्णी वाचत होता, "हा लाकडी आहे. पारंपरिक. उणे तीस डिग्रीतही अडकत नाही!"

दिनेश घाम पुसत म्हणाला, "अधिक पन्नासचा रिव्ह्यू कुणी दिलाय का बघ ना."

दुसरा प्रकार गोल, प्लॅस्टिकचा. भोकावर झाकणासारखा बसतो, म्हणजे पाणी पुन्हा गोठून भोक बंद होत नाही. सावंतांना हे काही पटेना. "आमच्याकडे भोक पडला तर सिमेंट लावून बुजवतत. आणि ह्ये बुजू नये म्हणान झाकण लावतत!"

शेवटी दोन्ही एकेक मागवायचे आणि जो पास होईल त्याची जोडी न्यायची असं ठरलं.

*

पार्सल येईपर्यंत कुणा जाणकाराशी बोलावं म्हणून आम्ही जिदहफ्सच्या बाजारात मासेमारीच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदार बहारीनी, म्हातारा, हिंदी फर्डं बोलणारा. सावंतांनी हातवारे करून सगळं समजावलं.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "बर्फ में छेद. मछली नीचे, आदमी ऊपर?"

"हां."

"कितना टाइम बैठता है?"

"पूरा दिन."

म्हातारा जरा विचारात पडला. मग अगदी काळजीने म्हणाला, "क्यूं भाई, उधर मार्केट बंद है क्या?"

*

टिप-अप आले. आता चाचणीला बर्फ हवा. दिनेशने त्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये जेवणाच्या सुट्टीत सोय केली. पाण्याचं पिंप, त्यावर भोक पाडलेली बर्फाची लादी आणि भोवती जाड जॅकेटं घातलेले आम्ही चौघं. कुलकर्णीचा लाडका लाकडी टिप-अप आधी ठेवला. त्याचा झेंडा लालभडक.

ब्लोअर सुरू झाला आणि वाऱ्याने झेंडा फटकन वर! दाबून बसवला, पुन्हा वर. प्रत्येक वेळी सावंत ओरडत, "लागलो! लागलो!" पिंपात मासाच नव्हता, पण त्यांचा जोर काही कमी होईना.

तेवढ्यात दार उघडून दिनेशचा सुपरवायझर आला. केरळचा गृहस्थ. त्याने बघितलं: चार माणसं गोल करून उभी, मध्ये लाल झेंडा आणि घोषणा चालू! बिचाऱ्याचा चेहरा पडला.

"दिनेश, नो यूनियन, यूनियन मफी! ये गल्फ है!" असं हिंदी-इंग्लिश-अरबीत एकदमच म्हणून त्याने दार लावून घेतलं. मग अर्धंच उघडून हळूच विचारलं, "वैसे... मांग क्या है?"

*

कुलकर्णी तरीही मानायला तयार नव्हता. दोष ब्लोअरचा, लाकडीचा नाही, असं त्याचं म्हणणं. दसऱ्यापर्यंत हा वाद चालला.

दसऱ्याला सावंतांकडे आम्ही सगळे जेवायला. वहिनींनी देवासमोर सावंतांचे पाने, गॅसचे गेज, ड्रिल मशीन मांडलं होतं आणि त्याच रांगेत दोन्ही टिप-अप. हळदकुंकू लावलेले, झेंडूची फुलं वाहिलेले. आरती रंगात आली. वहिनींनी अक्षता टाकल्या आणि गोल टिप-अपचा नारिंगी झेंडा फटकन उभा राहिला! वरचं झेंडूचं फूल उडून थेट कुलकर्णीच्या टकलावर.

आरती थांबली. वहिनी हात जोडून म्हणाल्या, "पावलो!"

"अहो वहिनी, स्प्रिंग सैल आहे," कुलकर्णी म्हणाला. "आणि लाकडीला एवढे चांगले रिव्ह्यू..."

"गप रव," सावंत म्हणाले. "देवाचो रिव्ह्यू इलो मा!"

निवड झाली. आणखी एक गोल टिप-अप त्याच संध्याकाळी ऑर्डर केला. स्प्रिंग मात्र सावंतांनी दुसऱ्या दिवशी गुपचूप घट्ट केली.

*

मग थंडीची प्रॅक्टिस. सावंत घरचा एसी सोळावर ठेवून, माकडटोपी घालून, झेंड्याकडे बघत स्टुलावर बसायचे. एकदा तसेच बसले असताना कंपनीकडे असलेल्या एका इमारतीतल्या भाडेकरूचा फोन आला, एसी बंद पडलाय म्हणून.

दात वाजवत सावंत म्हणाले, "नशीबवान हो साहेब तुम्ही!"

*

आणि हा शेवटचा. मुग्धाने तळ्यावर व्हिडिओ काढला आणि आम्हा सगळ्यांना पाठवला. तो आम्ही कट्ट्यावर इतक्यांदा बघितलाय की पाठ झालाय.

सगळीकडे पांढरं. भोकांवर आपले दोन टिप-अप, खुर्च्यांवर दोन व्याही, मागे वहिनी मफलरमध्ये गुंडाळलेल्या. नारिंगी झेंडा उभा राहतो. सावंत धावतात, घसरतात, उठतात आणि हाताने दोरा ओढून हा एवढा मासा बाहेर काढतात! आयुष्यातला पहिला. जोशी टाळ्या वाजवतात. "वा सावंतसाहेब! रक्तातच आहे हो तुमच्या!"

सावंतांचं तोंड बघण्यासारखं झालंय. बाप जिंकलेला. इथे कट्ट्यावर आम्हीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

मग जोशी फोटो काढतात, मासा सावंतांच्या हातून घेतात आणि अलगद भोकात सोडून देतात.

सावंत भोकात बघतात. "पडला?"

"नाही, सोडला."

"सोडला?"

"आम्ही खात नाही ना. शुद्ध शाकाहारी. पकडायचा, बघायचा, सोडायचा. मजा म्हणून!"

जो मासे पकडतो तो खातोच, यापलीकडे शंका घ्यायची आम्हा कोकणातल्या माणसांना सवय नाही. सावंत वहिनींकडे वळतात. वहिनी मफलर नाकावर ओढून घेतात. कॅमेऱ्यामागून मुग्धाचा आवाज येतो, "आईला माहीत होतं, बाबा. प्लीज, डोन्ट से एनिथिंग!"

सावंत खुर्चीत बसतात, हातमोजे काढतात, पुन्हा घालतात. मग अगदी नम्रपणे म्हणतात,

"व्याहीबुवा, एक विचारू? एवढ्या मेहनतीने मिळवलेलं सोडून द्यायची तुमच्या घरात सवय आहे. आमची पोर त्याच घरात येतेय. ही सवय फक्त माशांपुरतीच ना?"

कॅमेरा जोशींकडे वळतो.

दुसरा झेंडा उभा राहतो. जोशी उठतात, सावकाश दोरा ओढतात, मासा बाहेर काढतात. एकदा सावंतांकडे बघतात, एकदा कॅमेऱ्यामागच्या मुग्धाकडे. आणि मासा बादलीत टाकतात.