आबांचं गोड मटण

लग्न असो, नामकरण असो, पंगतीत बसण्याआधी आबा वाढप्याला थांबवून विचारत, "दाळमां गोळ नथी नाख्यो ने?" दाळीत गूळ तर नाही ना घातला? वाढपी गुजराती, म्हणून प्रश्नही गुजरातीत. गूळ असेल, आणि सुरतेत तो असायचाच, तर आबा भात-लोणचं खाऊन उठत. राग नाही, कुरकुर नाही. डॉक्टरांनी गोड बंद केल्यासारखा शांत चेहरा. आबांना साखरेचा आजार नव्हता. तत्त्व होतं.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. गाव सोडतो, भाषा सोडतो, आणि मग कुठलीतरी एकच गोष्ट घट्ट धरून बसतो. आबा धुळ्याकडचं गाव सोडून सुरतेच्या नवागामला आले. कापड विणणाऱ्या लूमच्या खात्यात, त्या खडखडाटात, त्यांचे कान अर्धे गेले. नातवंडांशी ते हिंदीत बोलू लागले. पण दाळीत त्यांनी गूळ येऊ दिला नाही.

त्यांच्या बायकोचं, म्हणजे आक्कांचं, तत्त्व वेगळं होतं. सुट्टीच्या दिवशी त्या शेजारी माझ्याकडे येत, माझ्या गोड दाळीची वाटी उभ्या उभ्या पीत आणि पदरानं तोंड पुसून घरी जात. आबांना हे कधी कळलं नाही. निदान आम्ही दोघी तसं समजत होतो.

रविवारी आबा डुकराचं मटण करत. काळा मसाला, ठेचलेला लसूण, वर लाल तवंग. आमच्या ओळीतली बौद्धांची घरं त्या वासानंच रविवार ओळखत. खाणाऱ्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं की आबा समाधानानं मान हलवत.

मग आक्कांच्या जबड्याचं ऑपरेशन झालं. मिसरी लावायची जुनी सवय भोवली. पुढे रेडिएशनचे शेक दिले, त्यात तोंड आतून सोलून निघालं. नाकातून घातलेली अन्नाची नळी काढताना डॉक्टर म्हणाले की तोंडानं खाल्लं नाही आणि वजन असंच उतरत राहिलं तर नळी परत घालावी लागेल. आक्कांनी घरी येऊन जाहीर केलं, नळी पुन्हा घालून घेणार नाही, मग काय व्हायचं ते होवो. एवढं बोलून त्यांनी खिचडी बाजूला सारली. पेजही सारली. मटण असतं तर पाहिलं असतं, असं एकदाच म्हणाल्या. आबांनी लगेच केलं, मसाला अर्धा घालून. पहिल्या घासाला आक्का कळवळल्या. आबांनी ताटली उचलून नळाखाली धरली आणि धुऊन झाल्यावरही ते ती धूतच राहिले.

त्या दिवाळीला आमच्या कापड मार्केटातल्या शेठनं ऑफिसात सगळ्यांना काजूकतली आणि एकेक विजेचं भांडं दिलं. सकाळी लावायचं, दिवसभर मंद शिजतं. शेठ कांदा-लसूणही न खाणारे. खोक्यावरचं चित्र त्यांनी पाहिलेलं नसावं. पावात भरलेलं तपकिरी, तंतू तंतू झालेलं मटण होतं.

मी खोका घरी आणला तेव्हा आबांनी चष्मा लावून ते चित्र पाहिलं. "हाई काय शे? सूत शे का?"

आतलं इंग्रजी चोपडं मी वाचून सांगितलं. डुकराचं मटण, कांदा, मीठ, गूळ. शिजलं की बोटांनी उसवायचं. चावावं लागत नाही.

"डुक्करना मटनमा गूय?" आबांच्या अहिराणीत गुळाला गूय म्हणतात.

"हो."

"मिरची?"

"अजिबात नाही."

आबांनी चित्र पुन्हा एकदा पाहिलं. मग खोका काखेत मारून घरी गेले.

पहिल्या खेपेला मटण शिजलंच नाही. आबांचं आयुष्य लूमवर गेलेलं. आवाज थांबला म्हणजे मशीन थांबलं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. हे भांडं तर मुळातच मुकं. ते घटकेघटकेला तळहात लावून म्हणत, "बंद पडनं वाटस," आणि झाकण उघडून पाहत. वाफ निघून जाई. संध्याकाळी मटण सकाळइतकंच घट्ट होतं. पुढच्या खेपेला त्यांनी झाकण सुतळीनं आवळून बांधलं, स्वतःलाही सहज सुटणार नाही अशी गाठ मारून, आणि भांड्यासमोर बसून राहिले.

गाठ सुटली तेव्हा त्यांनी मला हाक मारली. "चाखी दख, बेटा." स्वतः चाखणं तत्त्वात बसत नव्हतं.

"कसं शे?"

"गोड."

"ते माले बी म्हाईत शे."

मग ते चष्मा नाकावर ओढून मटण उसवू लागले. जाड धागा दिसला की तो पुन्हा उसवायचा. आक्का खाटेवरून पाहत होत्या. वाकड्या तोंडानं म्हणाल्या, "जलमभर धागा जोडात, आते तोडी ऱ्हायनात."

वाटी रिकामी व्हायला फार वेळ लागला. आम्ही दोघंही आक्कांकडे न बघता बघत होतो. मग आक्कांनी वाटी पुढे केली. "आखो दे." आणखी दे. आबा उठले, बाहेर ओट्यावर जाऊन पाठ करून उभे राहिले, आणि आत येऊन म्हणाले, "गूय कमी पडना का?" मला त्या क्षणी आबांबद्दल इतकी माया वाटली की मीच रडायला लागले. ते म्हणाले, कांदा लागला असेल.

नळी परत घालावी लागली नाही. रविवारमागून रविवार भांडं चालू राहिलं आणि आक्कांच्या अंगावर मांस आलं. शेठनं एकदा ऑफिसात विचारलं, "केम, खीचडी सारी थाय छे ने?" खिचडी छान होते ना? मी म्हटलं, बहु सारी.

एका रविवारी आक्कांनी चिमूटभर मटण आबांच्या तोंडासमोर धरलं आणि हात मागे घेईनात. आबांनी खाल्लं. बराच वेळ चावलं. आम्ही निकालाची वाट पाहत होतो.

"मीठ बराबर शे," आबा म्हणाले.

गेल्या थंडीत आबा झोपेतच गेले. आजारी आक्का होत्या, म्हणून आम्ही सगळे त्यांच्याकडेच लक्ष ठेवून होतो.

आबांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी गल्लीत मांडव घातला. वंदना झाली, पंगत बसली. पानं मांडून झाली तेवढ्यात आक्का उठल्या आणि आचाऱ्यापाशी गेल्या. आक्का कधी गुजराती बोलत नसत. जबड्यामुळे शब्दही नीट फुटत नव्हते.

"दाळमां गोळ नथी नाख्यो ने?"

"थोडोक छे, मासी."

आक्कांनी ते पातेलं बाजूला ठेवायला लावलं. दुसरी दाळ चढली, लसणाची, मिरचीची. पंगत तेवढा वेळ बसून राहिली.

शेवटी आक्का स्वतः जेवायला बसल्या. मी शेजारीच होते. पहिल्या घासालाच त्यांचे डोळे भरून आले आणि हात थांबला. मी हळूच गुळाचा खडा त्यांच्या पानात ठेवला.

आक्कांनी तो उचलून माझ्या पानात परत ठेवला.

"आज नको," म्हणाल्या, आणि दुसरा घास घेतला.