भोळ्याचा होमरन

देवापुढे बसायला मालिनीकाकूंना कधी निमित्त लागले नाही. पाय दुखले तरी बसल्या, पाय बरे झाले तरी बसल्या. मागायचे असले तरी बसल्या, मागायचे काही उरले नाही तेव्हाही बसल्या. पोटच्या मुलाला फोन करायला मात्र त्यांना निमित्त लागे, आणि ते निमित्त त्यांना बेसबॉल पुरवीत असे.

वेस्ट विंडसरच्या त्या घरात एकेकाळी तीन माणसे होती. प्रतापराव रोज गाडीने न्यूयॉर्कला जात, काकू औषधांच्या प्रयोगशाळेत काम करीत, आणि ऋषी शाळेतून आला की दप्तर जिन्यावर टाकून टीव्ही लावी. प्रतापराव मूळचे नागपूरचे, क्रिकेटवेडे. बेसबॉल त्यांना मुलाने शिकवला. फलंदाजाने चेंडू कुंपणापलीकडे भिरकावला की होमरन, एवढे कळल्यावर ते म्हणाले, "म्हणजे षटकारच की रे!" आणि तेथून घरात पैज सुरू झाली. दर रविवारी सामन्याआधी प्रत्येकाने न्यूयॉर्कच्या संघातला एक फलंदाज निवडायचा. ज्याचा फलंदाज होमरन मारील तो जिंकला. हरणाऱ्यांनी चहा करायचा आणि कपही विसळायचे. किती आनंद होता त्या कपांच्या किणकिणाटात!

पुढे ऋषी नोकरीसाठी देशाच्या दुसऱ्या टोकाला, रेडमंडला गेला. पुढे प्रतापरावही गेले, जेथून कोणी परत येत नाही तेथे. तेराव्यानंतर निघताना ऋषी दारात थांबला. आईला काय म्हणावे ते त्याला मराठीत सुचेना आणि इंग्रजीत बोलवेना. शेवटी म्हणाला, "आई, आपण बेट चालू ठेवू. बाबांची. चहा नाही जमणार, सो... जो हरेल त्याने फोन करायचा. ओके?"

"ओके," काकू म्हणाल्या.

त्या दिवसापासून काकू हरण्यासाठी खेळू लागल्या.

संघात एक धिप्पाड फलंदाज होता. माय-लेक त्याला पहाड म्हणत. ऋषी नेहमी पहाडच घेई. काकू घेत तो संघातला सर्वांत दुबळा फलंदाज. बिचारा चेंडू झेलण्यात चांगला, पण बॅट हाती आली की जणू घरच्यांची परवानगी काढून आल्यासारखा उभा राही. होमरन म्हणून त्याच्या नावावर नव्हताच. काकूंनी त्याचे नाव ठेवले भोळा. पहाडाने होमरन मारला की काकू हरत, आणि हरल्या की फोन करण्याचा हक्क त्यांचा. पण पहाडही काही दर रविवारी मारीत नसे. कोणाचाच होमरन झाला नाही की पैज बरोबरीत सुटे, फोन कोणीच करायचा नसे, आणि तो रविवार तसाच कोरडा मावळे.

शेजारची सुमेधा एकदा डबा परत द्यायला आली, ती सामना बघत बसली.

"काकू, हा तुमचा? अहो, तुमच्या अंगणातली खारसुद्धा याच्यापेक्षा लांब मारेल!"

"मारू दे. मला हाच हवा."

"पण हा तर तुम्हाला कायम हरवतो!"

काकू हसल्या. सुमेधाने त्यांच्याकडे पाहिले, आणि तिच्या ध्यानात आले.

"काकू, मग सरळ फोन करा ना! हे काय नाटक?"

"सरळ केला की तो विचारतो, 'काय झालं, आई? ऑल ओके?' आता काय झालं म्हणून सांगू, ग? काही झालेलं नसतं. मग मी म्हणते, काही नाही, सहज. तो म्हणतो, मीटिंगमध्ये आहे. अन् मलाच अपराध्यासारखं होतं. हरले म्हणून फोन केला की कसं, विषय असतो. तो चिडवतो, मी चिडल्यासारखं करते. चांगली पंधरा-वीस मिनिटं जातात."

सुमेधाने कप उचलले आणि न सांगता विसळून ठेवले.

सप्टेंबर संपत आला. संघ यंदा आधीच स्पर्धेबाहेर पडला होता, म्हणून शेवटचा रविवार तो शेवटचाच. त्यानंतर मार्च संपेपर्यंत सामने नाहीत, पैज नाही, हरणे नाही. काकूंनी सकाळी देवाला फुले वाहिली आणि आयुष्यात प्रथमच त्याच्याकडे खेळातले मागणे मागितले: आज पहाडाला यश दे.

दुपारी फोनवर संदेश गेले. ऋषीचा, "पहाड." काकूंचा, "भोळा." लगेच उत्तर आले, "आई, सीरियसली? लास्ट डे!"

पहाड आला, गेला. पुन्हा आला, झेलबाद होऊन गेला. काकूंच्या हातातली वात वळायची राहिली. सामना संपत आला तेव्हा भोळा बॅट घेऊन उभा राहिला, तसाच संकोचून. चेंडू आला. कसा कोण जाणे, बॅटवर असा बसला, असा बसला, की समालोचकाचा आवाजच चिरकला. चेंडू उंच गेला, दिव्यांच्या खांबांवर गेला, कुंपणापलीकडे गेला! सारे मैदान उभे राहिले. भोळा धावायचेच विसरला. मग धावला, आणि धावता धावता बाहीने डोळे पुसू लागला. काकूही उठल्या. "अरे माझ्या राजा! अरे माझ्या सोन्या!" म्हणत त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळी वाजवता वाजवता त्यांचे हात थांबले.

त्या जिंकल्या होत्या. फोन आता त्याने करायचा होता.

संदेश आला: "वाव, आई! काँग्रॅट्स! हाइकवर आहे, नंतर कॉल करतो."

काकूंनी चहा केला. एकच कप. फोन देव्हाऱ्याजवळ ठेवला, मग स्वयंपाकघरात आणला, मग आवाज वाढवून पाहिला. खिडकीबाहेर मेपलची पाने लालसर होऊ लागली होती. समोरच्या घरी पाहुण्यांच्या मोटारी आल्या, माणसे उतरली, दारे बंद झाली. दिवेलागणीची वेळ झाली. काकूंनी समई लावली, डोळे मिटले. पण जप करताना कान फोनकडेच होते. देवाला ते ठाऊक होते, आणि त्याने रागही धरला नसेल.

मग काकूंनी फोन उचलला आणि त्याला लावला.

"काय झालं, आई? ऑल ओके?" मागे वाऱ्याचा आवाज, हसणारी माणसे.

"काही नाही झालं."

"पण जिंकलीस तू! मी करणार होतो ना. घरी पोचून."

"हो रे. मला धीर नाही निघाला."

"आई, तू नेहमी त्यालाच का घेतेस?"

सांगू नये असे वाटले, आणि सांगितल्यावाचून राहवेना. "तो मारत नाही म्हणून. मी हरले की मला तुला फोन करता येतो."

पलीकडे कोणीतरी त्याला हाक मारली. त्याने ओ दिली नाही.

"आई," तो हळू म्हणाला, "आता मार्चपर्यंत मॅच नाहीये."

"ठाऊक आहे मला."

"मग?"

"मग हरले असंच समजून करत जाईन."

तो काहीतरी बोलणार होता, पण रेंज गेली असावी. समई तेवढी तेवत राहिली.

पुढच्या रविवारी मैदान रिकामे होते. टीव्हीवर कुठलाच सामना नव्हता, आणि घरात भिंतीवरल्या घड्याळाशिवाय कोणी बोलत नव्हते. काकूंनी सांगायला काही आहे का ते मनात शोधले. काहीच नव्हते. खार आली होती, एवढेच. त्यांनी तसाच फोन लावला. घंटा वाजली, वाजत राहिली. आता ठेवावा असे वाटेपर्यंत वाजली.

पलीकडून "काय झालं?" आले नाही.

"बोल, आई," एवढेच आले.

आणि काकू खारीविषयी सांगू लागल्या.