हायवेवरच्या बावीस डब्या

आमच्या ह्यांनी, म्हणजे दिनकररावांनी, एकतीस वर्षं मैलकुली म्हणून काम केलं. बांधकाम खात्यात रस्त्याचा ठरावीक तुकडा सांभाळतो तो मैलकुली. पाथरीच्या अलीकडचे आठ किलोमीटर ह्यांच्याकडं होते. खड्डे बुजवायचे, मोऱ्यांतला गाळ काढायचा, किलोमीटरचे दगड रंगवायचे, झाडांच्या बुंध्यांना चुन्याचे आणि गेरूचे पट्टे ओढायचे. घरात दोन वाक्यं सलग बोलायचे नाहीत, पण कोणत्या मोरीखाली कोणत्या साली पाणी तुंबलं ते विचारा, घडाघडा सांगतील. रिटायर झाले आणि दोनच वर्षांत तो रस्ता हायवे झाला. कडुलिंबाची झाडं गेली, मधे दुभाजक आला. हे ओट्यावर बसून राहायला लागले. जेवण कमी झालं. रोज देवापुढं बसले की मी आधी ह्यांचंच मागायची, की कशात तरी ह्यांचं मन रमू दे.

देवानं ऐकलं. पण ज्यात मन रमलं त्यानं माझ्या जिवाला घोर लागला.

दिवाळीनंतर आम्ही पुण्याला लेकीकडं, मंजुषाकडं, गेलो होतो. तिला नि तिच्या मैत्रिणींना एका खेळाचा नाद आहे. कुणीतरी एक डबी कुठंतरी लपवतं, तिची जागा मोबाइलवर टाकतं. बाकीचे ती शोधतात, आतल्या चिठ्ठीवर नाव लिहितात आणि डबी होती तशी ठेवून देतात. बक्षीस नाही, काही नाही. त्या दिवशी टेकडीवर चौघीजणी अर्धा तास झुडपं चाळत होत्या. हे बाजूला उभे. मग म्हणाले, "त्यो दगड काढा बरं. त्यो आपल्या आपण बसलेला न्हाई, बसवलेला हाय." खाली डबी! पोरींनी टाळ्या वाजवल्या. ह्यांना असं हसताना मी कितीतरी दिवसांनी बघितलं.

गावी आल्यावर हे गोळ्यांच्या रिकाम्या डब्या जमवायला लागले. थायरॉईडच्या शंभर गोळ्या पांढऱ्या प्लास्टिकच्या डबीत येतात. माझ्या होत्याच, गल्लीतल्या बायकांकडूनही मागून आणल्या. मंजुषानं फोनवर सांगितलं होतं की रस्त्याच्या कडेनं डब्यांची माळच लावता येते, तिला पॉवर ट्रेल म्हणतात आणि लोक एका दिवसात सगळी माळ पुरी करतात. दोन डब्यांत निदान एकशे एकसष्ट मीटर अंतर पाहिजे. ह्यांनी ते पावलांनी मोजलं. बावीस डब्या, सगळ्या ह्यांच्याच रस्त्याला. प्रत्येक डबीवर एक दगड आणि दगडाला गेरूचं एक बोट, म्हणजे शोधणाऱ्यानं उगं काट्याकुट्यात, इंचूकाट्यात हात घालू नये.

डिसेंबरात रविवारी रविवारी माणसं यायला लागली. नांदेडची, हैदराबादची. आणि माझी कुरकुर सुरू झाली.

"अहो, उसाचे ट्रॅक्टर चालायलेत तिकडं, दोन-दोन ट्रॉल्या लावून. टिपर चालायलेत. त्यात ही माणसं बावीस वेळा गाडी थांबवणार, बावीस वेळा उतरणार."

"मी मोबाइलवर लिवलंय ना, गाडी खाली घ्या, दुभाजक वलांडू नका."

"लिवलेलं समदे वाचत असते तर तुमची एकतीस वर्षं लोकांवर वरडण्यात गेली नसती."

ह्यांनी हायवेकडं बोट केलं. म्हणाले, "अगं, त्या रस्त्यावर आता कुणी थांबतच न्हाई. आधी लिंबाखाली बसून माणसं भाकर खायची. आता नुसती जातेत."

 तुळशीला दिवा लावताना मात्र हायवेवर हॉर्न वाजला की मी आधी ह्यांची सायकल दारात आहे का बघायची.

जानेवारीत शेजारच्या कमलबाई खोबऱ्याचा प्रसाद घेऊन आल्या. "बायनाबाई, हायवेच्या वळणावर म्हसोबा निघालाय. लय जागृत हाय म्हणतेत. तिथं आमच्या जावयाचं ट्रॅक्टर पलटी व्हता व्हता ऱ्हायलं."

मला तेच पाहिजे होतं. मी घरातला नारळ काढून दिला. "माझ्या नावानं फोडा. ह्यांना त्या रस्त्यावर सांभाळ म्हणावं." असे तीन रविवार तीन नारळ दिले. चौथ्या रविवारी कमलबाईंबरोबर ऑटोनं स्वतःच गेले.

नाल्याच्या पुलाला लागूनच वळण आहे. तिथं सात-आठ मोटारसायकली उभ्या आणि एक जीप, तिचं अर्धं अंग रस्त्यात. शेंदरानं माखलेला दगड, त्यावर झेंडा, सगळीकडं तेल आणि करवंट्या. दोन पोरी हेल्मेट काखेत धरून मोबाइलकडं नि दगडाकडं आळीपाळीनं बघायल्या होत्या. त्यातली एक कमलबाईंना म्हणाली, "मावशी, हा दगड जरा सरकवता येईल का?"

"देवाला सरकवतेत का? कुठली गं तू?"

"नांदेडची."

"नांदेडात देव न्हाईत का?"

लोक हसले, आणि तेवढ्यात उसाचा ट्रॅक्टर वळणावर आला. मागची ट्रॉली झोकांड्या खात होती. जीप आडवी आल्यामुळं त्यानं आमच्या अंगावरच घेतलं. सगळे दगडाकडं रेटले गेले. बाहेर आलेल्या उसाच्या टोकानं कमलबाईंचा पदर टरकावला. एका नव्या नवरीच्या हातातलं ताट उडालं आणि चाकाखाली गेलं. कुणाला काही झालं नाही. ट्रॅक्टरवाला शिव्या देत निघून गेला.

मी दोन्ही हातांनी त्या दगडाला धरून बसले होते.  आणि दगडाच्या बुडाशी, शेंदराच्या खाली, पांढरं प्लास्टिक दिसलं. झाकणावर मेडिकलवाल्याच्या पेनानं लिहिलेलं: सकाळी उपाशीपोटी.

डबी माझी होती. दगड ह्यांचा होता. गेरूचं बोट बघून कुणीतरी हात जोडले असतील, मग कुणी तेल घातलं असेल, कुणी शेंदूर. ज्या रस्त्यापासून ह्यांना सांभाळ म्हणून मी नारळ पाठवत होते, त्याच रस्त्यावर माझे नारळ माणसं थांबवत होते.

घरी आले तर हे जेवत होते. सगळं ऐकून हातातला घास ताटात ठेवला. "गेरूच व्हता त्यो," एवढंच म्हणाले. "बोटभर." तसेच उठले, सायकल काढली आणि संध्याकाळपर्यंत एकवीस डब्या पिशवीत घालून आणल्या. मंजुषाला फोन करून मोबाइलवरची माळ बंद करायला लावली. राहिली अकरावी, वळणावरची.

"तिला मी हात लावला तर मारतेल मला लोक."

"मी लावते," मी म्हणाले.  आजवर मी देवाचं फूलसुद्धा विचारून काढत आले.

दुसऱ्या दिवशी कमलबाईंना खरं काय ते सांगितलं. त्या दळण निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "असू द्या. दगड दिनकररावांचा असंल. नमस्कार तर आमचाच हाय ना?"

"हाय की. पण नमस्कार करून माणूस घरी जित्तं यायला पायजे का न्हाई?"

त्यांनी सूप खाली ठेवलं. पदर जिथं फाटला होता तिथं बोट फिरवत राहिल्या. "हलवायचं तर रीतीनं हलवा," म्हणाल्या.

गुरुवारी सकाळी आम्ही पाच बायका हातगाडा घेऊन गेलो. पाणी घातलं, हळद-कुंकू वाहिलं, क्षमा मागितली आणि पहिला हात मी लावला. हायवेपासून अर्धा किलोमीटर आत, शेतात जाणाऱ्या पांदणीला, बाभळीखाली दगड बसवला. बसवताना हे स्वतः पुढं झाले. कसा बसवला तर हलणार नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? मग त्याच पांदणीला ह्यांनी डब्यांची नवी माळ लावली, ह्या वेळी गेरू न लावता. तिथं बैलगाडीशिवाय काही येत नाही. महिन्यात चौघंच शोधायला आले, पण बाभळीखाली बसून डबा खाऊन गेले. हे दोन दिवस तेच सांगत होते.

एवढ्यावर सगळं भागलं असतं तर मी आज निवांत असते. पण दगड हलला तरी वळणावरचा तेलाचा डाग गेला नाही. लांबून येणाऱ्यांना माहीत नसतं. ते अजूनही नारळ घेऊन तिथंच थांबतात. म्हणून आता दर रविवारी सात ते अकरा हे स्वतः वळणावर उभे असतात, काठीला लाल फडकं बांधून. गाडी हळू झाली की पांदणीकडं हात करतात. मी नको म्हणाले तर म्हणतात, "मी थांबवलेले लोक हायेत ते. मीच हलवायला पायजे."

आज रविवार. पूजा आटोपली, पण जपाचे मणी दोनदा चुकले. साडेनऊला फोन लावला.

"किती थांबले?"

"तीन. समदे लावले पांदणीनं."

मागं टिपरचा हॉर्न वाजला, इतका जवळ की मी फोन कानापासून लांब धरला. मग काहीच ऐकू येईना.

"अहो? हाव का तुमी?"

"हाय, हाय. ठिव आता, जीप यायलीय एक."

त्यांनी फोन ठेवला. अकराला अजून दीड तास आहे.